विधवांच्या गावातले संदेष्टे

सेमिनरी हिल्स हे नाव नागपूरकरांच्या तोंडी दिवसातून कितीदा तरी येते. कुणाला नातवंडांना बालोद्यानात न्यायचे असते, कुणाला जपानी गार्डनला फेरफटका मारायचा असतो. पण ज्या सेमिनरीवरून टेकडीला हे नाव पडले, त्या सेंट चार्ल्स सेमिनरीत काय शिकवतात, असे विचारले तर बहुतेक जण गप्प बसतील. होऊ घातलेले धर्मगुरू तिथे जे काही शिकतात, त्यात यहुदी लोकांच्या प्राचीन संदेष्ट्यांचाही अभ्यास असतो. यशया, यिर्मया, आमोस, होशेय, मीखा अशी त्यांची नावे. इसवी सनापूर्वी आठव्या शतकापासून पुढच्या काही शतकांत ही माणसे होऊन गेली आणि बायबलच्या जुन्या करारात त्यांची वचने ग्रथित झाली.

शाळेतून निवृत्त झाल्यावर काही वर्षे मी सदर भागातल्या एका चर्चच्या रविवारच्या वर्गात तरुण मुलामुलींना मराठी वाचायला मदत करीत असे. मी स्वतः ख्रिस्ती नाही. मराठी शिकवणे एवढाच माझा तिथला अधिकार. मुले इंग्रजी माध्यमातली. बायबल त्यांना ठाऊक होते, पण ते इंग्रजीतले. आजी ज्या मराठी बायबलातून रोज वाचायची ते घरात होते, पण ते उघडले की मुले अडखळत. तेव्हा ठरले की एक एक संदेष्टा घ्यायचा आणि त्याचे पुस्तक मराठीतून वाचायचे. त्या तयारीसाठी मी मराठी बायबलचा इतिहास धुंडाळू लागले आणि धुंडाळता धुंडाळता पंडिता रमाबाईंपाशी येऊन थांबले.

रमाबाई आपल्याला माहीत असतात त्या शारदा सदनाच्या, विधवांच्या कैवारी म्हणून. धर्मांतरामुळे वादात सापडलेली विदुषी म्हणूनही त्यांची ओळख असते. पण आयुष्याची शेवटची जवळजवळ अठरा वर्षे त्यांनी कशात घालवली, हे फारसे कुणी सांगत नाही. त्या काळात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक या मूळ भाषांवरून सबंध बायबल मराठीत आणले. यशयापासून मलाखीपर्यंतचे सगळे संदेष्टे एका स्त्रीच्या लेखणीतून मराठीत उतरले. आणि ते ज्यांच्यासाठी उतरले, त्या बहुतेक जणी विधवा किंवा अनाथ होत्या.

नागपूरचा पंडित, कोकणातला एलिया

रमाबाईंच्या आधी मराठीत बायबल नव्हते असे मुळीच नाही, आणि त्या इतिहासात नागपूरचाही वाटा आहे. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी मराठी भाषांतराचे काम हाती घेतले, तेव्हा त्यांना मराठीचे पाठ देणारे पंडित वैजनाथ शर्मा हे नागपूरकर होते. १८०५ साली मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले आणि १८११ पर्यंत सबंध नवा करार निघाला. पुढे मुंबईच्या मिशनऱ्यांनी या भाषेला नावे ठेवली. ही आमच्याकडची मराठी नव्हे, ही तिकडची नागपुराकडची, असा त्यांचा आक्षेप होता. वऱ्हाड-नागपूरच्या बोलीला नाके मुरडण्याची खोड अशी बरीच जुनी आहे. नंतर मुंबईत नवी भाषांतरे झाली, ती पुनःपुन्हा सुधारली गेली आणि चर्चमधून तीच रूढ झाली.

संदेष्टेही महाराष्ट्राला अगदीच परके नव्हते. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावोगाव शनिवार तेली म्हणत, ते शतकानुशतके एलिया संदेष्ट्याचे नाव घेत आले. घरात मंगलकार्य असो की नवस फेडायचा असो, पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा मलिदा करायचा आणि एलियाहू हन्नावीचे स्मरण करायचे, ही त्यांची रीत. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एलियाच्या रथाची खूण उमटली आहे अशी त्यांची श्रद्धा आहे. या समाजातल्या मुलांना त्यांच्याच धर्मग्रंथांची भाषा शिकता यावी म्हणून जॉन विल्सन यांनी १८३२ साली हिब्रूचे छोटे व्याकरण मराठीत लिहिले होते. म्हणजे हिब्रू आणि मराठी यांची गाठ रमाबाईंच्या जन्माआधीच पडली होती. मात्र आतापर्यंत हे काम पुरुषांचे होते, आणि त्यातही बहुतेक परदेशी पुरुषांचे.

पुराणिकाची मुलगी

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा, पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवायचे ठरवले. त्या काळी हा अपराधच होता. त्याबद्दल शास्त्रीबुवांना पंडितांच्या सभेपुढे उभे राहून शास्त्राधार द्यावे लागले. ते त्यांनी दिले, पण लोकांचा जाच काही थांबला नाही. म्हणून ते बिऱ्हाड घेऊन रानात जाऊन राहिले. पुढे लक्ष्मीबाईंनीच मुलीला संस्कृत शिकवले. पहाटे आईच्या मांडीशी बसून रमाबाईंनी भागवताचे हजारो श्लोक पाठ केले. आईने मुलीला विद्या दिली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढच्या आयुष्यात रमाबाईंनी जे केले ते याच धर्तीवर केले.

घर मोडल्यावर हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरत राहिले. देवळात बसून पुराण सांगायचे, लोक जे देतील त्यावर गुजराण करायची. मग १८७४ च्या सुमारास दक्षिणेत दुष्काळ पडला. गाठीचे सगळे संपले. भीक मागण्याची सवय नाही, अंगमेहनतीचे काम कुणी शिकवलेले नाही. आधी वडील गेले, मग आई गेली, काही दिवसांनी मोठी बहीणही गेली. आईच्या तिरडीला खांदा द्यायला पुरेशी माणसेसुद्धा मिळाली नाहीत, तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाईंनी चौथी बाजू उचलली. उंची कमी पडली म्हणून ते ओझे त्यांनी डोक्यावर घेतले. भूक म्हणजे काय, हे या बाईंना पुस्तकातून शिकावे लागले नाही.

भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पुढे पायी देश तुडवत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचली. तिथल्या पंडितांनी या विशीतल्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिन बिहारी मेधावी या वकिलाशी लग्न केले. जात वेगळी, प्रांत वेगळा, लग्न नोंदणी पद्धतीचे. एप्रिल १८८१ मध्ये मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. चोविशीच्या आत रमाबाई विधवा झाल्या. ज्या शब्दाभोवती त्यांचे पुढचे सारे आयुष्य फिरले, तो शब्द असा त्यांच्या स्वतःच्या वाट्याला आला.

बिशपांचा आक्षेप

१८८२ साली रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले, हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असे ठासून सांगितले. स्वतः वैद्यक शिकावे म्हणून १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. पण ऐकू कमी येत असल्यामुळे तो बेत सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या घटनेने महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली हे सांगायला नको. मात्र जोतीराव फुल्यांसारखे थोडे लोक त्यांच्या बाजूने लिहिणारे होते. ज्याच्याविषयी फार कमी बोलले जाते ते त्यानंतरचे. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण कुणाच्या मुठीत राहिल्या नाहीत. आपल्याला न पटणारा सिद्धांत केवळ चर्च सांगते म्हणून मान्य करायला त्यांनी ठाम नकार दिला. त्यांच्या गुरुभगिनींशी आणि चेल्टनहॅमच्या कॉलेजच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशी त्यांचा झालेला पत्रव्यवहार या वादांनी भरलेला आहे.

चेल्टनहॅमला त्या शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. पुरुष विद्यार्थ्यांनाही त्यांनी आपल्या देशातील भाषा शिकवाव्यात असा विचार पुढे आला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी त्याला हरकत घेतली. हिंदुस्थानात परतल्यावर अशा बाईची प्रतिष्ठा राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे. रमाबाई या हस्तक्षेपावर चांगल्याच संतापल्या. बायकोला शिकवले म्हणून वडिलांना पंडितांच्या सभेपुढे जाब द्यावा लागला होता, आणि मुलीने पुरुषांना शिकवू नये म्हणून आता बिशप बसले होते. धर्म बदलला तरी सभा बदलली नाही, हे त्यांच्या लक्षात आले असणार. मूळ ग्रंथ मूळ भाषेत वाचण्याची ओढ त्यांना पुढे लागली, तिची एक मुळी मला इथे दिसते. जो ग्रंथ स्वतः वाचू शकतो, त्याला दुसऱ्याच्या परवानगीची गरज उरत नाही. संस्कृत येत असल्यामुळे त्यांनी शास्त्रे स्वतः वाचली होती आणि स्त्रियांविषयी त्यांत काय आहे ते पाहिले होते. बायबलच्या बाबतीतही त्या तसेच करणार होत्या.

मध्यप्रांतातला दुष्काळ

१८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या आणि तिथे तीन वर्षे व्याख्याने देत हिंडल्या. त्यांच्या इंग्रजी पुस्तकाने आणि भाषणांनी तिथल्या लोकांची मने हलली, मदतीसाठी मंडळ स्थापन झाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत चौपाटीजवळ शारदा सदन सुरू झाले. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई होत्या. त्या पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी झाल्या. संस्था पुण्याला हलली. १८९३ मध्ये वाद पेटला. मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, त्यांचा कल ख्रिस्ती धर्माकडे होतो आहे, असा आरोप झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारख्या हितचिंतकांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

यानंतरचा अध्याय आपल्या भागाशी निगडित आहे. १८९६-९७ च्या दुष्काळाने मध्यप्रांताला झोडपून काढले. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी होती. बातम्या वाचून रमाबाईंना स्वस्थ बसवेना. स्वतःच्या आईवडिलांचे हाल त्यांना आठवले आणि त्या मध्यप्रांतात आल्या. मदतकेंद्रांत, गरीबखान्यांत, रस्त्यांच्या कडेला त्यांनी हाडांचे सापळे झालेल्या मुली पाहिल्या. मूठभर धान्यासाठी या मुलींचा कसा बाजार मांडला जातो तेही पाहिले. अशा तीनशेच्या आसपास मुली आणि तरुण विधवा त्यांनी उचलून आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग होता, म्हणून त्यांना केडगावच्या शेतावर नेले. हे केडगाव पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे. तिथे जे उभे राहिले ते मुक्ति सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला तेव्हा तिथूनही शेकडो मुली आल्या. सदनातली संख्या दोन हजारांच्या घरात गेली.

केडगाव ही उघडउघड ख्रिस्ती संस्था होती. शारदा सदनासारखा धर्माबाबतचा संकोच इथे नव्हता. उपाशी मुलीला जेवण देणाऱ्याचा धर्म ती मुलगी किती मोकळेपणाने निवडू शकते, हा प्रश्न त्या वेळी विचारला गेला आणि आजही विचारला जातो. तो रास्त आहे. पण त्याच वेळी दुसराही प्रश्न विचारायला हवा, की त्या मुलींना रस्त्यावरून उचलायला त्या वेळी आणखी किती जण गेले होते? दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी ठेवले म्हणजे रमाबाईंचा न्याय थोडा तरी नीट होतो.

मुक्तीत शेती होती, विणकाम होते, गाईगुरे होती, आंधळ्या मुलींसाठी ब्रेलची शाळा होती. छापखानाही होता. आणि बायबलचे शिक्षण होते. तिथे तयार झालेल्या स्त्रिया टोळीटोळीने आसपासच्या खेड्यांत जाऊन बायबल वाचून दाखवत आणि शिकवत.

हिब्रू आणि सोपी मराठी

या खेड्यांतल्या वाचनातूनच अडचण पुढे आली. प्रचलित मराठी बायबलाची भाषा या बायकांना जड जात होती. जिथे तिथे संस्कृत शब्द, शास्त्री-पंडितांची वाक्ये. रमाबाईंसारख्या संस्कृत पंडितेने संस्कृतप्रचुर मराठीवर आक्षेप घ्यावा हे ऐकायला विचित्र वाटेल, पण तो आक्षेप घेण्याचा अधिकार कुणाला असेल तर तो त्यांनाच होता. संस्कृत शब्दांच्या मागे कोणते तत्त्वज्ञान दडलेले असते हे त्यांना पुरते ठाऊक होते. हिब्रूतल्या विचाराला तसा शब्द जोडला की वाचणाऱ्याच्या मनात भलताच अर्थ उभा राहतो, असे त्यांचे मत. म्हणून त्यांनी शेतकऱ्याच्या बायकोला कळेल अशी मराठी धरली.

१९०४-०५ च्या सुमारास काम सुरू झाले. तेव्हा रमाबाई सत्तेचाळिशीच्या आसपास होत्या, कानांनी जवळजवळ साथ सोडलेली, दोन हजार माणसांचा संसार डोक्यावर. हिब्रूत बावीस अक्षरे, सगळी व्यंजने. लिहायचे उजवीकडून डावीकडे आणि स्वरांसाठी अक्षरांच्या वरखाली टिंबे आणि रेघा. आपल्या काना-मात्रांची सवय असलेल्याला हे जमते, पण वेळ लागतो. रमाबाईंनी ते आत्मसात केले. एवढेच नाही, तर आपल्या विद्यार्थिनींना मूळ भाषा कळावी म्हणून हिब्रूचे व्याकरण मराठीत लिहिले. जी पोर काही वर्षांपूर्वी गरीबखान्याच्या दारात पडलेली होती, तिच्या बहिणी आता हिब्रूची अक्षरे गिरवत होत्या. आईने मांडीशी घेऊन संस्कृत शिकवले त्याचेच हे पुढचे पान होते.

मूळ भाषेवरून भाषांतर करण्याने काय साधते, याचे एक उदाहरण आमच्या रविवारच्या वर्गात मी नेहमी देत असे. यिर्मयाला अगदी सुरुवातीला बदामाची फांदी दिसते, आणि लगेच देव सांगतो की माझे शब्द खरे करण्यासाठी मी जागा आहे. मराठीत वाचताना बदामाचा आणि जागे राहण्याचा काय संबंध, ते कळत नाही. हिब्रूत बदामाला शाकेद म्हणतात आणि जागता पहारा देणाऱ्याला शोकेद. एका स्वराचा खेळ. तो कळला की मुलांच्या चेहऱ्यावर हसू यायचे. भाषांतर करणाऱ्याला पानोपानी असे अडावे लागते आणि पानोपानी ठरवावे लागते, की काय राखायचे आणि काय सोडायचे.

दुसरी अडचण संदेष्टा या शब्दाचीच. मुलांना वाटे की संदेष्टा म्हणजे भविष्य सांगणारा, आपल्या पंचांगवाल्या जोशीबुवांसारखा कुणीतरी. हिब्रू शब्द नावी. उर्दूतला नबी हा त्याचाच भाऊ. त्याचे मुख्य काम भविष्य सांगणे हे नव्हे, निरोप पोहोचवणे हे आहे. आणि तो निरोप बहुधा राजाला, सावकाराला, पुरोहिताला नको असलेला असतो. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ, अंजिराची झाडे राखणारा. गरिबाला एका जोड्याच्या किमतीत विकणाऱ्या श्रीमंतांना तो भर सणासुदीत सुनावतो आणि न्याय नसेल तर तुमचे सण आणि भजने देवाला नकोशी आहेत असे सांगतो. यिर्मयाला अशाच बोलण्यापायी चिखलाच्या विहिरीत टाकतात. अंदाज वर्तवून दक्षिणा घेणाऱ्या माणसाच्या वाट्याला असे कधी येत नाही.

या सगळ्या संदेष्ट्यांत एक गोष्ट पुनःपुन्हा येते. समाज कसा आहे हे पाहायचे तर ते विधवेकडे, पोरक्याकडे आणि परक्या मुलखातून आलेल्याकडे पाहतात. यशयाच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात विधवेची बाजू घ्या असे बजावलेले आहे. पुढे विधवांना लुबाडण्यासाठी कायदे करणाऱ्यांना तो शाप देतो. एलिया दुष्काळात सारफथ गावी जातो, तर वेशीवर एक विधवा काटक्या गोळा करताना दिसते. घरात मूठभर पीठ आणि थोडे तेल उरलेले. मुलाला आणि स्वतःला शेवटची भाकरी करायची आणि मग मरण्याची वाट पाहायची, असा तिचा विचार. अलीशाकडे एक विधवा येते, कारण सावकार तिच्या दोन मुलांना गुलाम म्हणून न्यायला निघाला आहे. विलापगीतांत तर उद्ध्वस्त झालेले सबंध यरुशलेम विधवा होऊन बसले आहे.

आपण ही पुस्तके वाचतो तेव्हा प्राचीन इतिहास वाचतो. मुक्ति सदनात ती वाचली जात असतील तेव्हा काय होत असेल? मध्यप्रांतातल्या दुष्काळातून आलेल्या मुलीला सारफथच्या वेशीवरची काटक्या वेचणारी बाई समजावून सांगावी लागली नसेल. पोटच्या मुलांना सावकार नेतो म्हणजे काय, हे तिला टिपा-टिप्पण्यांतून शिकायचे नव्हते. ज्यांच्यासाठी संदेष्टे भांडले त्याच इथे समोर बसून वाचत होत्या. रमाबाईंच्या भाषांतराला मी मोठे मानते ते त्यातल्या पांडित्यापेक्षा या कारणासाठी. त्यांनी पुस्तकाला त्याचे खरे वाचक मिळवून दिले.

आणखी एका व्यक्तीचे नाव इथे घ्यायलाच हवे. यहुदाचा राजा योशीया याच्या काळात, इसवी सनापूर्वी ६२२ च्या सुमारास, मंदिराच्या दुरुस्तीत नियमशास्त्राचे एक पुस्तक सापडले. ते खरे की नाही, त्यात सांगितलेले लागू होते की नाही, हे कुणाला विचारायचे? राजाची माणसे गेली ती हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे. म्हणजे धर्मग्रंथाविषयीचा निवाडा एका बाईने दिला आणि राजाने तो मानला. आमच्या वर्गातल्या मुलींना हुल्दा माहीतच नव्हती. दबोरा आणि मिर्याम निदान ऐकून होत्या. पंडितांच्या आणि बिशपांच्या सभांना तोंड दिलेल्या रमाबाई जेव्हा हुल्देच्या ओळींशी आल्या असतील, तेव्हा त्यांची लेखणी क्षणभर थांबली असेल असे मला आपले वाटते.

खिळे जुळवणाऱ्या बायका

नवा करार १९१२-१३ च्या सुमारास छापून झाला. जुन्या कराराचे प्रचंड काम पुढे चालूच राहिले. १९१९ मध्ये सरकारने कैसर-ई-हिंद पदक दिले. २४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. संस्थेची सूत्रे जिच्या हाती द्यायची ती एकुलती एक मुलगी चाळिशीतच गेली. त्रेसष्ट वर्षांच्या रमाबाईंनी हा घाव सोसला आणि पुन्हा कामाला बसल्या. भाषांतराची शेवटची तपासणी उरकली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी झोपेतच देह ठेवला. अखेरचे काम पुरे व्हावे एवढेच त्या मागत होत्या आणि ते पुरे होताच गेल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

१९२४ साली सबंध बायबल मुक्तीच्याच छापखान्यात छापून झाले. खिळे जुळवणाऱ्या, कागद लावणाऱ्या, पाने घडी करून बांधणाऱ्या सगळ्या बायका. मूळ हिब्रू-ग्रीकवरून सबंध बायबल एका स्त्रीने भाषांतरित करावे आणि ते स्त्रियांनीच छापावे, अशी दुसरी घटना आपल्याकडे मला आढळलेली नाही.

इतके करूनही हे भाषांतर घरोघर पोहोचले असे नाही. चर्चमध्ये बायबल सोसायटीचेच भाषांतर चालत राहिले आणि आजही बहुतेक ठिकाणी तेच चालते. रमाबाईंच्या शब्दयोजनेवर अभ्यासकांनी आक्षेपही घेतले. दुसऱ्या बाजूला, ख्रिस्ती झालेल्या बाईंनी केलेले ख्रिस्ती धर्मग्रंथाचे भाषांतर म्हणून मराठी साहित्याच्या इतिहासकारांनी त्याला दारातच ठेवले. १९८९ साली भारत सरकारने रमाबाईंवर टपाल तिकीट काढले, शाळांच्या पुस्तकांत त्यांच्यावर धडे आले. पण त्या धड्यांत शारदा सदन असते, क्वचित मुक्ति सदन असते आणि ही अठरा वर्षे बहुधा नसतात.

मला याची खंत वाटते ती मराठीची शिक्षिका म्हणून. ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली ती संस्कृत न कळणाऱ्यांसाठी, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्यांना ग्रंथाच्या दारात उभे राहू दिले जात नाही त्यांच्या भाषेत तो ग्रंथ आणायचा, ही आपल्याकडची सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चांगली परंपरा आहे. ग्रंथ दुसऱ्या धर्माचा असला म्हणून रमाबाईंचे काम त्या परंपरेबाहेरचे ठरत नाही.

नागपुरातल्या ख्रिस्ती मुलांना आजीचे बायबल वाचता येत नाही, ही अडचण फक्त त्यांची नाही. हिंदू घरातल्या मुलांना आजीची पोथी तरी कुठे वाचता येते? पण ज्यांच्या घरी जुने मराठी बायबल आहे त्यांनी यशयाचा पहिला अध्याय आणि आमोसचे छोटेसे पुस्तक मुलांबरोबर मोठ्याने वाचून पाहावे. नऊच अध्याय आहेत आमोसचे. एका दुपारी होतात. आणि वाचताना मुलांना एवढे जरूर सांगावे, की शंभर वर्षांपूर्वी केडगावात हीच वाक्ये दुष्काळातून वाचलेल्या बायकांनी एकेक खिळा उचलून जुळवली होती.